शाळेच्या गेटवर गनमॅन: एका भाड्याच्या सेवेचा हिशेब

आधीच सांगते, एजन्सीचं नाव लिहिणार नाही. ग्वाल्हेरात अशा एजन्सी ढीगभर आहेत, दरपत्रकं सगळ्यांची जवळपास सारखी, आणि माझा वाद एकीशी असला तरी जे लिहितेय ते कोणालाही लागू पडेल. इंदूर आणि देवासच्या शिक्षण मंडळांतल्या ओळखीच्यांचे फोन आले, की तुमच्या शाळेनं बंदूकवाला गार्ड ठेवला होता म्हणे, आम्हीही विचारात आहोत, कसा काय अनुभव? प्रत्येकाला तेच तेच ऐकवण्यापेक्षा इथे लिहून टाकते.

घाईत असलेल्यांसाठी पाचापैकी गुण असे: गेटवर बसणाऱ्या बिनहत्यारी बाईंना पाच. गनमॅनला माणूस म्हणून चार, सेवा म्हणून एक. एजन्सीच्या ऑफिसला दीड, तोही फोन उचलतात म्हणून. आणि ‘साध्या कपड्यांतला पीएसओ (म्हणजे खासगी अंगरक्षक), हत्यार कोणालाही दिसणार नाही’ हे जे त्यांचं सगळ्यात महाग पॅकेज आहे ते आम्ही घेतलंच नाही, पण लिहायचं सगळ्यात जास्त त्याच्याबद्दलच आहे.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागातल्या एका जुन्या मराठी संस्थेच्या शाळेची कोषाध्यक्ष. त्याआधी सगळी नोकरी बँकेत, त्यातली बरीच कॅशला. म्हणजे बारा बोरची दुनाली, दोन नळ्यांची बंदूक, खांद्याला लावलेला माणूस मी रोज पाहिलेला आहे, त्याच्या हातचा चहाही प्यायलेला आहे. बंदुकीची मला भीती नाही, अप्रूपही नाही. पण बँकेत बंदुकीभोवती एक शिस्त असते: कोण आला, कोणती बंदूक, काडतुसं किती, सुट्टी झाली की कुठे ठेवली. सगळ्याची नोंद. शाळेत ती शिस्त कोण पाळणार, हा माझा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न होता आणि तो इतिवृत्तात नोंदवलेला आहे.

प्रकरण सुरू झालं ते छतरपूरमुळे. 6 डिसेंबर 2024 ला त्या जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेत बारावीच्या विद्यार्थ्यानं मुख्याध्यापकांना शाळेच्याच स्वच्छतागृहात गोळी घालून मारलं. हत्यार देशी कट्टा. आमच्यापासून छतरपूर फार लांब नाही, आणि बातमीतल्या शाळेचं वर्णन आमच्या शाळेलाही लागू पडेल असंच होतं. पुढच्याच पालकसभेला हॉल गच्च भरला. एरवी फी वाढली तरी इतके लोक येत नाहीत.

सभेत एक पालक उठले, मुरारकडचे, बोलायला अतिशय सभ्य. म्हणाले, एजन्सीला पैसे कशाला देता? आम्हा पालकांपैकी निम्म्यांकडे लायसन्स आहे. आणि बोलता बोलता त्यांनी जॅकेट बाजूला करून कमरेचं रिव्हॉल्वर दाखवलं. “आप लोग परमिशन दे दीजिए, बारी-बारी से बैठ जाएँगे.” हॉलमध्ये टाळ्या पडल्या. समोरच्या रांगेत दुसरीतली मुलं आयांच्या मांडीवर बसलेली होती. आमच्या अध्यक्षकाकांनीही मान डोलावली, वयोमानाप्रमाणे ती डोलतेच म्हणा.

बाहेरच्यांना हे विचित्र वाटेल, म्हणून थोडं आमच्या भागाविषयी. ग्वाल्हेर, भिंड, मुरैना, शिवपुरी इकडे बंदूक ही घरातली वस्तू आहे. वरातीत मिरवायची, मुलीच्या सासरी दाखवायची. 2008 मध्ये शिवपुरीत पुरुषांनी नसबंदी करावी म्हणून प्रशासनानं बंदुकीचा परवाना लवकर देण्याचं आमिष दाखवलं होतं, आणि ते लागूही पडलं. 2019 मध्ये ग्वाल्हेरच्या कलेक्टरांनी परवाना हवा असेल तर दहा झाडं लावा अशी अट घातली, त्याच वर्षी थंडीत गोशाळेला कांबळी देण्याचीही. देशातल्या इतर जिल्ह्यांत लोकांना झाडं लावायला काय सांगून उठवतात माहीत नाही. आणि आम्हा मराठी मंडळींना तर याविषयी मोठ्यानं बोलायची सोयच नाही; 1948 च्या जानेवारीत दिल्लीत गांधीजींवर चाललेलं ते इटालियन बेरेटा पिस्तूल आमच्याच शहरातून गेलं होतं. माझ्या आजीच्या पिढीनं त्याचं मोल बरंच मोजलं. असो.

तर सभेनंतर एजन्सीचा माणूस आला. टॅबलेटवर तीन पॅकेजं. पहिलं, साधा गार्ड, शिट्टी आणि काठी. दुसरं, गनमॅन, स्वतःच्या परवान्याची दुनाली घेऊन येणार, दर साध्याच्या दीडपटीहून जास्त. तिसरं ते पीएसओ: सफारी किंवा जीन्स-शर्ट, कमरेला .32 चं रिव्हॉल्वर, वरून शर्ट. “बच्चों को पता ही नहीं चलेगा, मैडम. टीचर जैसा दिखेगा.” दर तिप्पट. कार्यकारिणीत दोघांना हेच आवडलं, कारण मुलं घाबरणार नाहीत आणि पालकांना सांगता येईल. पैसे पाहून शेवटी बहुमतानं दुसरं पॅकेज ठरलं, सोबत गेटवर एक महिला गार्ड.

करारावर सही करण्याआधी मी जे पाहिलं ते इतर शाळांनीही पाहावं. एक म्हणजे एजन्सीचा परवाना; 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याप्रमाणे तो लागतोच, तो त्यांनी दिला, ठीक होता. दुसरं, बिलात त्यांनी 18 टक्के जीएसटी लावला होता. बारावीपर्यंतच्या शाळेच्या आवारात दिलेल्या सुरक्षा आणि सफाईच्या सेवेवर जीएसटी माफ आहे. मी ओळ दाखवली, त्यांनी कापला, पण पुढच्या महिन्यात परत लावला. हा खेळ दर महिन्याला चालू राहिला. तिसरं, प्रशिक्षणाचे दाखले. केंद्राच्या नमुना नियमांत नव्या गार्डला 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष काम असं प्रशिक्षण सांगितलंय, माजी सैनिक किंवा पोलीस असेल तर 40 आणि 16. आमच्या गनमॅनच्या दाखल्यावर तास लिहिलेले होते. मी त्याला सहज विचारलं, काय काय शिकवलं? म्हणाला, “सल्यूट.”

त्याला मुलं दद्दा म्हणायची, मीही तेच म्हणते. भिंडकडचे, साठीच्या आसपासचे, भरघोस मिशा, वागायला गोड. पहिलीतल्या मुलांच्या बुटाच्या नाड्या बांधून द्यायचे. नाडी बांधायला वाकले की बंदूक खांद्यावरून घसरून पुढे यायची आणि नळी मुलाच्या कानाजवळ. मी ते गेटजवळच्या खिडकीतून पाहिलं आणि तिथूनच ओरडले. दद्दांनी हसून सांगितलं, “खाली है मैडम, कारतूस तो जेब में हैं.” मग मी विचारलं, खाली असेल तर हल्लेखोर आल्यावर? ते म्हणाले, भरूँगा. आणि खरोखर भरून दाखवायला निघाले.

यात त्यांचा दोष नाही. शाळेत बंदूक भरलेली ठेवली तर मुलांना धोका, रिकामी ठेवली तर तिचं काम काय? बँकेत हा प्रश्न येत नाही, कारण बँकेच्या दारात कोणी सहा वर्षांचं पोर येऊन नळीत बोट घालत नाही. आमच्याकडे पाचवीच्या एकानं घातलं. मधल्या सुट्टीत दद्दा टाकीवर बाटली भरायला गेले, बंदूक भिंतीला टेकवून. तीन मुलं भोवती, एकाचं बोट नळीत, दुसरा त्याचा फोटो काढायचा आव आणतोय, तिसरा पहारा देतोय. त्यात पहारेकरी तोच एक नीट काम करत होता.

आवरण हाही एक मोठा विषय. नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी परवान्याचं हत्यार झाकून न्यावं लागतं, मिरवायचं नसतं. मी रेक्झिनचं कव्हर आणायला सांगितलं. दद्दांनी चेनवालं आणलं, पण चेन अर्धीच लागायची, आणि त्यांचा युक्तिवाद असा: “कवर में डाल दी तो निकालूँगा कब?” बरोबरच आहे की. एजन्सीच्या माहितीपत्रकावर तर गनमॅनचा फोटो उघडी बंदूक छातीशी धरलेला होता.

आणि बारा बोरचं काडतूस म्हणजे छर्रे. ते पसरतात. सकाळच्या प्रार्थनेला मैदानात सातशे मुलं रांगेत उभी असतात. तिथे कोणावर दुनाली झाडायची वेळ आली तर छर्रे कोणाकोणाला लागतील याचं उत्तर एजन्सीच्या मॅनेजरकडेही नव्हतं. त्यांनी विषय बदलून पीएसओचं पॅकेज पुन्हा पुढे सरकवलं. तोपर्यंत मला वाटायचं ते महाग आहे म्हणून विकतात. नंतर लक्षात आलं की दुनालीच्या प्रत्येक अडचणीवर त्यांचं उत्तर तेच होतं.

शेवटचं काडतूस कधी उडवलंत, हेही मी दद्दांना विचारलं. भाच्याच्या लग्नात. त्यांनी लाजून सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीपासून हर्ष फायरिंगला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, हे त्यांना माहीत होतं. पण सराव म्हणून त्यांच्याकडे तेवढंच होतं. चांदमारीला एजन्सी नेत नाही, त्याचे पैसे कोण देणार.

बँकेच्या सवयीनं मी गेटवर एक वही ठेवली: तारीख, परवाना क्रमांक, बंदूक क्रमांक, येताना काडतुसं, जाताना काडतुसं, दोन सह्या. एजन्सीच्या सुपरवायझरला हा अपमान वाटला. जानेवारीत, जेव्हा कोहऱ्यामुळे शाळा उशिरा भरत होती, तेव्हा एका संध्याकाळी वहीत सकाळी सहा, संध्याकाळी पाच. दद्दांनी चारही खिसे उलटे केले. स्वेटरचे, कोटाचे, पँटचे. एक बिडीचं बंडल, दोन लवंगा, पाच काडतुसं. सहावं नाही. मुलं जाऊन तासभर झालेला, शेवटची बस निघालेली. मी, दोन सेविका, शिपाई आणि दद्दा, मोबाइलच्या उजेडात मैदान, टाकी, गेटमागचं गवत, स्वच्छतागृह सगळं पालथं घातलं. मनात एकच: एखाद्या पोरानं उचललं असेल आणि आज रात्री घरी गॅसवर ठेवून पाहत असेल. त्या दिवशी दद्दा ज्या ज्या वर्गाजवळून गेले त्या सगळ्या पालकांना ग्रुपवर निरोप टाकायचा का, यावर मुख्याध्यापिकांशी फोनवर बोलणं चालू असतानाच दद्दांच्या सुनेचा फोन आला. दुपारी घरी जेवायला गेले तेव्हा ऊन पडलं म्हणून आतलं जर्सीचं जाकीट काढून ठेवलं होतं, त्याच्या खिशात. दुपारी घरी जायची परवानगी नव्हती, हा वेगळा मुद्दा. घर कंपूला, जवळच.

त्या रात्रीनंतर मी दद्दांच्या परवान्याची प्रत नीट वाचायला घेतली. पुस्तिकेची झेरॉक्स, पुसट. शर्ती छापलेल्या असतात त्या सहसा कोणी वाचत नाही, आम्ही बँकेतही वाचत नव्हतो, तिथे गरजही नव्हती. त्यातली एक शर्त सरळ शब्दांत सांगते की जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी खास अधिकार दिल्याखेरीज परवानाधारकानं हत्यार जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, कुठल्याही सार्वजनिक जमावात किंवा शैक्षणिक संस्थेच्या आवारात नेऊ नये.

म्हणजे पालकसभेत जॅकेट बाजूला करणारे ते सभ्य गृहस्थ त्याच क्षणी आपल्या परवान्याची शर्त मोडत होते, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. आणि एजन्सी आम्हाला दर महिन्याला जे विकत होती ते खास परवानगीशिवाय विकताच येत नव्हतं. झाकलेलं असो की उघडं, दुनाली असो की शर्टाखालचं .32, शर्त तीच.

मी एजन्सीला लेखी पत्र दिलं: कलेक्टर कार्यालयाची परवानगी दाखवा. उत्तर, “प्रोसेस में है.” पुन्हा पत्र. उत्तर, “सब स्कूलों में ऐसे ही चलता है.” तिसऱ्या पत्रानंतर मॅनेजर स्वतः आले, इथल्या बहादुरा मिठाईवाल्याचे लाडू घेऊन. लाडू स्टाफरूमला दिले, परवानगीचा कागद आजतागायत आलेला नाही. दीड गुणातला अर्धा लाडवांचा आहे असं समजा.

आता त्या लपवलेल्या पिस्तुलाविषयी. कार्यकारिणीतल्या एका काकांचा भाचा टेक्सासला विद्यापीठात आहे. ते प्रत्येक बैठकीत सांगायचे की अमेरिकेत हे सगळं चालतं, आपणच मागे. मी म्हटलं ठीक, तेही पाहू. तिथे राज्याराज्याचा कायदा वेगळा. केंद्राचा शाळा परिसरात बंदूकबंदीचा कायदा आहे, शाळेपासून हजार फुटांपर्यंत, पण राज्याचा परवाना असलेल्याला त्यातून सूट आहे आणि पुढचं राज्यांवर सोडलेलं. युटामध्ये परवानाधारक शिक्षक शाळेत लपवलेलं पिस्तूल बाळगू शकतो. टेक्सासमध्ये 1 ऑगस्ट 2016 पासून सरकारी विद्यापीठांत परवानाधारकाला ते जवळ ठेवता येतं. ही तारीख म्हणजे ऑस्टिनच्या विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून झालेल्या 1966 च्या गोळीबाराला बरोबर पन्नास वर्षं. शाळांसाठी तिथे 2013 पासून ‘स्कूल मार्शल’ आहेत, नेमलेल्या कर्मचाऱ्याला 80 तासांचं प्रशिक्षण. फ्लोरिडात 2018 च्या पार्कलँडमधल्या शाळेतल्या गोळीबारानंतर ‘गार्डियन’ आले, त्यांना 144 तास. काकांना मी एवढंच विचारलं, आपल्या दद्दांना किती?

काकांच्या बाजूनंही एक गोष्ट आहे आणि ती खरी आहे. टेक्सासमधल्या हॅरॉल्डसारख्या गावात शाळा एका टोकाला आणि शेरीफ कुठल्या कुठे. मदत यायला इतका वेळ लागतो की 2007 मध्ये त्यांनी आपल्याच शिक्षकांना हत्यार बाळगू द्यायचं ठरवलं. अशा जागी मी असते तर काय केलं असतं, छातीठोकपणे नाही सांगू शकत. पण आमची शाळा लष्करात आहे. ठाणं चालत जाण्याच्या अंतरावर. आमच्या रस्त्यात पोलिसांना उशीर होतो तो बाड्याच्या चौकातल्या ई-रिक्षांमुळे.

आणि हत्यार जवळ असलं म्हणजे ते वेळेला उपयोगी पडतंच असंही नाही. पार्कलँडच्या शाळेत हत्यारी पोलीस अधिकारी आवारात होता, तो इमारतीबाहेर राहिला, आत 17 जण मेले. 2022 मध्ये टेक्सासमधल्या युव्हाल्डीच्या शाळेत गोळीबार झाला तेव्हा 376 पोलीस जमले आणि वर्गात शिरायला 77 मिनिटं घेतली. 19 मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. ही तर प्रशिक्षित, पगारी माणसं.

मला जास्त भीती वाटते ती रोजच्या दिवसांची, जेव्हा काहीच घडत नसतं. युटातच 2014 मध्ये एका शिक्षिकेचं लपवलेलं पिस्तूल शाळेच्या स्वच्छतागृहात सुटलं, कमोड फुटला आणि त्याच्या ठिकऱ्यांनी तिचा पाय जखमी झाला. कॅलिफोर्नियात 2018 मध्ये एका शिक्षकानं बंदूक सुरक्षेचाच धडा देताना छतात गोळी झाडली. ते गृहस्थ राखीव पोलीस अधिकारी होते. तिथे निदान मेलं कोणी नाही. शेजारच्या पाकिस्तानात तेवढं नशीब नव्हतं. पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलवर 16 डिसेंबर 2014 ला हल्ला झाला, 130 हून जास्त मुलं मारली गेली, आणि पुढच्याच महिन्यात खैबर पख्तुनख्वा प्रांतानं शिक्षकांना परवान्याचं हत्यार शाळेत आणायची मुभा दिली. त्याहून मोठं कारण कुठल्या सरकारला मिळणार? 2015 च्याच जुलैमध्ये त्या प्रांतातल्या स्वातमध्ये एका शिक्षकाच्या पिस्तुलातून ते साफ करताना गोळी सुटली आणि एक विद्यार्थी मेला. हे मी बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा काका पहिल्यांदा गप्प बसले.

पीएसओच्या पॅकेजवर माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. दद्दांची दुनाली निदान दिसत होती. ती भिंतीला टेकवलेली मला खिडकीतून दिसली, काडतुसं मोजता आली, मुलांना हाकलता आलं. शर्टाखालचं रिव्हॉल्वर घेऊन ‘टीचर जैसा दिखने वाला’ माणूस मुलांच्या गर्दीत दिवसभर फिरणार, तो स्वच्छतागृहात गेला तर ते कुठे ठेवतो, खो-खोच्या मॅचला पळाला तर ते कुठे जातं, हे पाहणार कोण? कोणाला कळू नये हीच त्या पॅकेजची जाहिरात. मग माझ्या वहीत नोंद तरी कशाची करायची.

आणखी एक, आपल्या देशात शाळेत गोळ्या चालल्या त्या कुठून आल्या, ते पाहा. 2018 मध्ये यमुनानगरला बारावीच्या मुलानं प्राचार्यांना मारलं ते वडिलांच्या परवान्याच्या रिव्हॉल्वरनं. 2007 मध्ये गुडगावला आठवीतल्या मुलाला वर्गमित्रांनी मारलं, पिस्तूल एकाच्या घरचं. 2024 मध्ये बिहारच्या सुपौलमध्ये पाच वर्षांच्या मुलानं दप्तरातून पिस्तूल आणून तिसरीतल्या मुलाला गोळी मारली, तो मुलगा वाचला. पाच वर्षांच्या! अशा मुलासमोर गेटवरचा गनमॅन काय करणार होता? सलाम?

हत्यार घरातून येतं आणि दप्तरातून येतं. दप्तर कोण बघतं, तर गेटवरच्या दीदी.

दीदी म्हणजे त्याच एजन्सीनं सर्वात स्वस्त दरात दिलेल्या महिला गार्ड. एजन्सीनं त्यांना फक्त खाकी साडी आणि शिट्टी दिली. पण सातशे मुलांपैकी कोणाला कोण न्यायला येतं, हे त्यांना पंधरा दिवसांत पाठ झालं. काकाऐवजी मामा आला तर आईला फोन. रोज प्रत्येक वर्गातल्या चार-पाच मुलांची दप्तरं, कोणाची ते त्या सकाळी ठरवतात, मुलांना आधी कळत नाही. मुलींची दप्तरं वेगळ्या खोलीत. मोबाइल, कटर, नववीत व्हेप, आणि एकदा सहावीतल्या मुलाकडे बारा बोरच्या काडतुसाचं रिकामं टोपण. लाल प्लास्टिक, पितळी बूड, आतून काळं, अजून जळका वास येत होता. ताईच्या लग्नात जमवली होती पोरानं, घरी डबाभर आहेत म्हणाला. दीदींनी त्याला रागावलं नाही. वडिलांना बोलावलं, आणि बंदूक कुठे ठेवता, कपाटाला कुलूप आहे का, किल्ली कोणाकडे, हे तिन्ही प्रश्न एका दमात विचारले. ते वडील लाजले, जे मी आमच्या शहरात कमी पाहिलंय. तेच प्रश्न आता प्रवेश अर्जात घातलेत. उत्तर देणं सक्तीचं नाही, पण वाचतात तरी.

पालकांच्या रिव्हॉल्वरचा प्रश्न मात्र अजून पूर्ण सुटलेला नाही. दीदींनी सभेच्या दिवशी एकाला गेटवर अडवलं तर तो परत जाऊन हत्यार गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवून आला आणि गाडी उघडी. मग सभेच्या निमंत्रणावरच छापलं: परवान्याच्या शर्तीप्रमाणे शस्त्र घरीच ठेवून यावे. एकदोघांनी येणं बंद केलं. ते मला चालतं.

दद्दांना आम्ही उन्हाळी सुट्टीपासून बंद केलं. त्यांना वाईट वाटलं, मलाही; त्यांना बंदूक घरी ठेवून चौकीदार म्हणून या असंही म्हटलं, पण गनमॅनचा दर आणि चौकीदाराचा दर यात त्यांच्या नातवाची फी बसत होती. आता दाल बाजारातल्या एका व्यापाऱ्याकडे आहेत, रोकड असते तिथे. योग्य जागा आहे. येता-जाता मुलं हाक मारतात, ते बंदूक सांभाळत हात हलवतात.

तुमच्या मंडळाला एजन्सी घ्यायचीच असेल तर आमच्या नव्या करारातलं थोडं उचला. कुठलाही कर्मचारी हत्यारासह आवारात येणार नाही, उघड किंवा झाकून. कोणी म्हणालंच की परवानगी आहे, तर दंडाधिकाऱ्यांच्या सहीचा मूळ कागद आधी, माणूस नंतर. पीएफ आणि ईएसआयचं चलान बिलासोबत, नाहीतर बिल परत. दीदींचा पीएफ आधी भरलाच जात नव्हता, ते मला चलान मागितल्यावर कळलं. बदली गार्ड आदल्या दिवशी शाळेला दाखवून जायचा. आणि आचारसंहितेचं विचारा: निवडणूक आली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायला लावतात, मग ते महिने गनमॅन कोणत्या दरानं? आमच्या एजन्सीच्या छापील करारात दर तोच होता. रिकाम्या खांद्याचाही दीडपट.

दीदींना ठेवलंय, शिवाय आणखी एक महिला गार्ड घेतली, दोघींचा मिळून खर्च गनमॅनच्या जवळपास जातो. एजन्सी अजून तीच आहे, कारण दीदी त्यांच्या पटावर आहेत आणि त्यांना सोडायची माझी तयारी नाही. मॅनेजरचं शेवटचं बिल माझ्या टेबलावर पडून आहे. त्यात दद्दांचे मे महिन्याचे दिवस लावलेत, शाळा बंद असतानाचे, आणि वर पुन्हा तो 18 टक्के. दोन्ही कापून आल्याशिवाय चेक निघणार नाही, लाडू आणले तरी.